ओटी भरणाऱ्या हातांचं राजकारण

२०१६ च्या जानेवारीत शनिशिंगणापूरच्या देवस्थानाला पहिल्यांदाच महिला अध्यक्ष मिळाल्या, अनिता शेटे. त्याआधी नोव्हेंबरात एका तरुणीने बायकांना बंदी असलेल्या चौथऱ्यावर चढून शनीला तेल वाहिलं होतं आणि गावाने दुधाचा अभिषेक करून चौथरा शुद्ध करून घेतला होता. अध्यक्षपदी बाई आली, आता बायकांना वाट मोकळी होणार, असं पुष्कळांना वाटलं. शेटेबाईंनी सांगितलं, परंपरा चालत आली तशीच चालेल. २६ जानेवारीला तृप्ती देसाई भूमाता रणरागिणी ब्रिगेडच्या शेकडो बायका घेऊन निघाल्या, तेव्हा पोलिसांनी त्यांना सुप्यालाच अडवलं. मग विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्यावर बोट ठेवलं : जिथे पुरुषाला जाता येतं तिथे बाईला अडवता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी देसाई चौथऱ्याकडे निघाल्या, तेव्हा त्यांना अडवायला उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांत बायकाही होत्या. गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, विश्वस्तांनी चौथरा सगळ्यांसाठी खुला केला.

त्या दिवसांत वर्तमानपत्रं वाचून आमच्या शाळेतले गुरुजी म्हणायचे, शेवटी बाईच बाईची वैरी. हे वाक्य मला कधीही पटलेलं नाही. चौथऱ्यापुढे उभ्या असलेल्या बायका कुणाच्या वैरी नव्हत्या. त्या एका बाजूने बोलत होत्या, आणि ती बाजू नीट ऐकल्याशिवाय आपल्याकडचं बायकांचं राजकारण कळणार नाही, असं मला आजही वाटतं.

मी राणीसावरगावची सून. गंगाखेड तालुक्यातल्या या गावाला लोक ओळखतात ते रेणुकादेवीमुळे. नवरात्रात इथे बायकांची रीघ लागते, नारळ, खण, तांदूळ घेऊन ओटी भरायला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे अर्ध्या गावाची मी ‘बाई’. शिंगणापूरचं प्रकरण तापलं होतं तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवर मी बायकांना विचारायची, तुम्हाला काय वाटतं? एकीने मला सरळ सांगितलं, “बाई, आपल्याला आपली देवी हाय ना? त्या शनीला तेल घालायला कशाला तंडायचं?” दुसरी म्हणाली, “ज्यांना कुनी इचारनारं न्हाई त्या करतेत असलं.” या दुसरीचं बोलणं माझ्या मनात राहिलं. ज्यांना विचारणारं कुणी आहे, त्यांनी ते राखून ठेवायचं असतं, असा तिच्या बोलण्याचा अर्थ होता.

परंपरा राखायला म्हणून घराबाहेर पडलेल्या बायकांची महाराष्ट्रातली एक जुनी आणि मोठी संघटना वर्ध्यात सुरू झाली. लक्ष्मीबाई केळकर, ज्यांना सगळे मावशी म्हणत, नागपूरच्या दात्यांच्या घरात १९०५ साली जन्मल्या. वर्ध्याच्या वकील पुरुषोत्तमराव केळकरांशी लग्न झालं आणि १९३२ मध्ये, सत्ताविशीतच, वैधव्य आलं. पदरात मुलं. गांधीजींच्या सभांना त्या जात. मुलं राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखेत जायला लागली तेव्हा त्यांना वाटलं, हे शिक्षण बायकांना का नको? त्या संघाच्या संस्थापकांना, डॉ. हेडगेवारांना, भेटल्या. डॉक्टरांनी त्यांना संघात घेतलं नाही, वेगळी आणि समांतर संघटना काढायला सांगितलं. २५ ऑक्टोबर १९३६ ला, विजयादशमीच्या दिवशी, राष्ट्र सेविका समिती उभी राहिली. मैदानात दंड फिरवणाऱ्या मुली, प्रार्थना, अष्टभुजा देवीची पूजा. १९३६ सालच्या वर्ध्यात एका विधवेने हे केलं. ऑगस्ट १९४७ मध्ये, फाळणी तोंडावर असताना, मावशी कराचीला जाऊन तिथल्या सेविकांना भेटून आल्या.

समितीने तीन आदर्श ठेवले : मातृत्वाला जिजाबाई, कर्तृत्वाला अहिल्याबाई, नेतृत्वाला झाशीची राणी. ही तीन नावं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली आहेत, आणि दर वेळी मला त्यांत एक गोष्ट दिसते. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, त्यांचा सगळा राज्यकारभार त्यानंतरचा. परळीच्या वैजनाथाचं मंदिर त्यांनी पुन्हा उभं केलं, तेही त्यानंतरच. लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव १८५३ मध्ये गेले, लढाई पुढची. जिजाबाईंनी शिवाजीराजांना घडवलं ते पुण्यात, शहाजीराजे दूर कर्नाटकात असताना. आणि ही तीन नावं पुढे ठेवणारी संस्थापिकाही विधवाच. घर, संसार, मातृत्व यांचा गौरव करणाऱ्या संघटनेला आदर्श शोधताना नवऱ्याच्या सावलीबाहेर उभ्या असलेल्याच बायका सापडल्या. माझ्या मते हा योगायोग नाही. कर्तबगारी दाखवायला बाईला मोकळी जागा लागते, आणि जुन्या घरात ती जागा नवरा नसतानाच मिळायची. समितीने ती जागा नवरा असताना, सासू असताना, संध्याकाळचा तासभर का होईना, मिळवून दिली. मुलगी देवाधर्माच्या, देशाच्या कामाला जाते म्हटल्यावर कुठला बाप अडवणार? स्त्रीमुक्तीच्या शिबिराला निघालेल्या मुलीला ही सवलत नव्हती.

स्त्रीमुक्तीवाल्यांची वाट दुसरी. १९७५ च्या ऑक्टोबरात पुण्यात संयुक्त स्त्री मुक्ती परिषद भरली. पुढे ‘मुलगी झाली हो’ हे पथनाट्य गावोगाव फिरलं, १९८२ मध्ये पुण्यात नारी समता मंच निघाला, १९८९ पासून ‘मिळून साऱ्याजणी’ निघू लागलं. या बायकांनी देशाला काय दिलं, हे मी कायद्यांत मोजते. हुंड्याविरुद्ध, बलात्काराविरुद्ध, घरातल्या मारहाणीविरुद्ध कायदे कडक झाले ते त्यांनी रस्ते अडवले आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या म्हणून. आणि आज पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत (महाराष्ट्रात २०११ पासून), त्यांवर सगळ्या पक्षांच्या बायका बसतात. घर मोडणारी स्त्रीमुक्ती नकोच म्हणणाऱ्याही त्याच आरक्षणावर निवडून येतात. यात मला लबाडी दिसत नाही. हक्क मिळाला की तो मागणाऱ्यांपुरता राहत नाही, हीच हक्काची खूण.

पण हक्क कागदावर आला तरी तो का वापरला जात नाही, हे कळायला आमच्या भागात एक कागद बघावा लागतो. हक्कसोड. वडील वारले की वारसनोंदीला मुलांबरोबर मुलींचीही नावं लागतात, आणि मग बहिणींना गंगाखेडला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं जातं. त्या दिवशी भाऊ गाडी करतो. बहिणी नवी साडी नेसून येतात. फोटो, अंगठा किंवा सही, आणि जमिनीतला हिस्सा भावांच्या नावे सोडून दिला जातो. मग सगळे मिळून जेवायला जातात. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा आहे हे महाराष्ट्राने १९९४ मध्ये मान्य केलं, देशाने २००५ मध्ये, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानेच आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याचा त्याच्याशी संबंध नाही. एवढं सगळं असून त्या कार्यालयाच्या ओट्यावर बहिणींची गर्दी हटत नाही.

मी एकीला विचारलं, का सही केलीस? शिकलेली होती, माझ्याच वर्गातली. म्हणाली, “बाई, दोन एकर घिऊन मी माहेर घालवू का? उद्या ह्येनी घराबाहेर काढलं तर भावाच्याच दारात जायचंय.”

हे अडाणीपण नाही. हा हिशोब आहे, आणि तो बरोबर आहे. सासरी तिच्या नावावर काही नाही, हातात नोकरी नाही, कोर्टाला वर्षं लागतात. तिची एकमेव विमा पॉलिसी म्हणजे भाऊ. परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्या बायकांची ताकद इथे आहे : त्या बाईला जे आज हातात आहे ते राखायला सांगतात.

अमेरिकेत हेच दुसऱ्या भाषेत घडलं. तिथे स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्ती १९७२ मध्ये संसदेने मंजूर केली, पण ती लागू व्हायला ३८ राज्यांची संमती हवी होती. फिलिस श्लाफ्ली नावाच्या सहा मुलांच्या आईने विरोधात बायकांची फौज उभी केली. नवऱ्याने बायकोला पोसण्याची जबाबदारी या समानतेत जाईल, मग संसारात आयुष्य घातलेल्या बाईने कुणाकडे बघायचं, असं ती विचारायची. १९८२ ची मुदत संपली तेव्हा दुरुस्ती ३५ राज्यांवर अडकली होती. घर हेच बाईचं क्षेत्र म्हणणारी ही बाई देशभर हिंडून भाषणं देत होती, दोनदा संसदेची निवडणूकही लढली होती. तिच्या प्रश्नाला स्त्रीमुक्तीवाल्यांकडे वेळेवर उत्तर नव्हतं. आमच्या हक्कसोडवाल्या मुलीच्या प्रश्नालाही अजून पुरतं उत्तर नाही.

मात्र परंपरावादी संघटना माझ्या दृष्टीने नेमक्या एका ठिकाणी कमी पडतात. बाईवर बाहेरून संकट आलं तर त्या धावून जातात. दुष्काळ, पूर, युद्ध, दंगल, कुठेही. संकट घरातून आलं, म्हणजे नवरा, दीर, भाऊ हेच समोर उभे असले, की त्यांचा आवाज खाली येतो. समजुतीने घ्या, संसार टिकला पाहिजे. आणि बाहेरच्या शत्रूविरुद्ध उभं राहायची शिकवण कधी भलतीकडेही जाते. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीत शिवसेनेच्या महिला आघाडीतल्या बायका रस्त्यावर होत्या, आणि त्यांचा राग निघाला तो शेजारच्या वस्तीतल्या, त्यांच्याइतक्याच गरीब मुस्लिम बायकांच्या घरांवर. बायकांना मिळालेलं बळ बायकांविरुद्ध वापरलं गेलं, हे लिहिताना मला आजही त्रास होतो.

समान नागरी कायद्याच्या मागणीचीही अशीच दिशा बदलली. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लिम बायकांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले होते, तोंडी तलाक बंद करा, समान कायदा आणा म्हणून. तेव्हा ही पुरोगाम्यांची मागणी होती. १९८६ नंतर, शाहबानो प्रकरण तापल्यावर, ती उजव्या पक्षांच्या जाहीरनाम्यात ठळक झाली आणि स्त्रीसंघटना सावध झाल्या. मागणी तीच, मागणारे बदलले. त्या सात जणींना काय हवं होतं, हा प्रश्न मात्र मागे पडला.

मराठवाड्याला एक मधली वाट माहीत होती. शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं. संघटनेचे नेते शरद जोशी शहरी स्त्रीमुक्तीवर टीका करत, पण बाईच्या नावावर जमीन हवी यावर ठाम होते. त्यांच्या लक्ष्मीमुक्तीच्या हाकेला ओ देऊन आमच्या परभणीकडच्याही शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. टीकाकार म्हणायचे, हे तर नवऱ्याने दिलेलं दान. असेल. पण सातबाऱ्यावर नाव आलं की ते दानाचं आहे की हक्काचं, हे तलाठी विचारत नाही. लक्ष्मीच्या नावाने, घराच्या भाषेत मागितलं म्हणून ते पुरुषांना देता आलं, आणि मिळालं ते मात्र कायद्याच्या भाषेत पक्कं होतं. दोन्ही वाटा एकत्र आल्या की काय होतं ते मी तिथे पाहिलं.

गावात आमचं भजनी मंडळ आहे. त्यातल्या बायका एकादशीला हरिपाठ म्हणतात, मतदानाच्या वेळी धर्माच्या बाजूने बोलतात, आणि मुलींनी रात्री उशिरा बाहेर राहू नये असं त्यांचं ठाम मत आहे. मागे मंडळातल्याच एका विधवेला माहेरच्या वारसनोंदीतून परस्पर वगळलं गेलं. मंडळाच्या वडीलधाऱ्या काकूंनी हे ऐकलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “अहिल्याबाईंचं नाव घ्यायचं आन् हिचं नाव खोडू द्यायचं, हे जमनार न्हाई.” त्या स्वतः तिच्याबरोबर तलाठ्याकडे गेल्या, अर्ज मी लिहून दिला. नोंद अजून व्हायची आहे. भावाने हरकत घेतली आहे, आणि मंडळातल्याच दोघीजणी त्याच्या बाजूने जबाब द्यायला जाणार म्हणतात.