गप्पा चहाला, सराव तीनला!

भजनी मंडळाचा सराव गुरुवारी दुपारी तीनला. पण पहिली मैत्रीण येते सव्वातीनला. पेटीवाल्या काकू येईपर्यंत सुनेचं बाळंतपण, कामवालीच्या दांड्या असं सगळं बोलून होतं. चारला कसाबसा सूर लागतो आणि साडेचारला कुणाची तरी मुलं शाळेतून यायची वेळ होते. ओळखीचं वाटतंय ना?

गेल्या वर्षी स्पर्धेत आमच्या मंडळाला याचाच हिसका बसला. गवळण सुरू झाली आणि टाळ पळायला लागले. टाळांमागे ढोलकी, ढोलकीमागे गाणाऱ्या. शेवटी शब्दही कळेनात. घरी येताना सगळ्यांनी खापर ढोलकीवालीवर फोडलं. पुढचे दोन गुरुवार ती आलीच नाही. मग शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, की आम्ही कुणी एकमेकींचं ऐकतच नव्हतो! तेव्हापासून काही सवयी लावून घेतल्या.

पाठांतर घरी : शब्द आणि चाल पोळ्या लाटतानाही पाठ होतात. सरावात वहीत डोकं खुपसलं, की कान बंद होतात. एकत्र जमायचं ते ऐकायला.

पट्टी आधी : बऱ्याच जणींना काळी चार सोयीची पडते, पण वयानुसार आवाज खाली उतरतो. चालीतली सर्वांत वरची आणि सर्वांत खालची जागा सगळ्यांनी गाऊन बघा, ठरलेली पट्टी अभंगाशेजारी लिहून ठेवा. ढोलकीही त्याच सुरात लावून घ्या.

लय हातावर : भजनी ठेका आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा. आधी वाद्यांशिवाय, संथ लयीत टाळी देऊन म्हणा. मग ढोलकी आणि टाळांची एकच जोडी घ्या. बाकीचे टाळ शेवटी. गाणारीचे शब्द ऐकू येत नसतील, तर आपला टाळ जोरात वाजतोय असं समजा.

चुकलं तेवढंच : दर वेळी पहिल्यापासून म्हटलं, की चूकही पाठ होते. अडलेली ओळच चार-पाचदा म्हणा, मग आधीच्या ओळीपासून जोडून घ्या. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. आणि बोलताना ‘तू चुकलीस’ म्हणू नका. ‘चरणावरून ध्रुवपदावर येताना आपण घसरतोय’ असं म्हणा.

राहता राहिली वेळ. पाहुणे आले, की पहिला बळी आपल्या सरावाचा जातो. मुलांचा क्लास आपण असा बुडू देतो का? ‘गुरुवारी तीन ते साडेचार मी नसते’ हे घरी एकदा ठामपणे सांगून टाका. आपण एकट्या गैरहजर राहतो, पण ढोलकी नसली, की दहा जणींची दुपार फुकट जाते. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. जेवढ्या आल्या असतील, तेवढ्यांनी बरोब्बर तीनला सुरुवात करा.

आम्ही दोघी-तिघी ढोलकीवालीच्या घरी गेलो, चूक सगळ्यांचीच होती हे कबूल केलं. ती आली, पण ‘आधी टाळ हळू वाजवा’ ही अट घालूनच! आता तीनला जय जय रामकृष्ण हरी सुरू होतं. गप्पा बंद झालेल्या नाहीत बरं का, त्या साडेचारला, चहाबरोबर. मुलंही तिथेच येऊन बिस्किटं खातात.