ठेचा, अ‍ॅव्होकॅडो आणि माझं पोट

लग्नाचं आमंत्रण आलं, की मला पहिला प्रश्न पडतो, तिथं संडासाची सोय कशी असेल? हसू नका मैत्रिणींनो! गेली सात-आठ वर्षं माझं हेच चाललंय. कधी चार-चार दिवस पोट साफ होत नाही, तर कधी सकाळपासून धावपळ. पोटाला गुबारा धरतो, मुरडा येतो. एसटीत बसायचं म्हणजे जीव मुठीत धरून. तपासण्या नॉर्मल आल्या तेव्हा डॉक्टरांनी नाव सांगितलं, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस. आतड्याला जखम नाही, पण ते फार हळवं झालंय.

दिवाळीत पुण्याची भाची अ‍ॅव्होकॅडो घेऊन परभणीला आली. गर कुस्करून त्यात कच्चा कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर, लिंबू घातलं. "मावशी, हे मेक्सिकोचं ग्वाकामोले. लोण्यासारखं आहे, खा बिनधास्त!" भाकरीशी वाटीभर खाल्लं आणि दुपारभर कळा सोसल्या. सासूबाई म्हणाल्या, "परदेशी फळं कशाला खावीत?" मीही फळालाच नावं ठेवली.

डॉक्टरांनी मात्र विचारलं, "त्यात आणखी काय होतं?" तिथंच गोम होती. कांदा-लसणातलं फ्रुक्टान लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात आंबतं आणि गॅस होतो. हळव्या आतड्याला तो सोसत नाही. अ‍ॅव्होकॅडोही अगदी निर्दोष नाही. त्यातली परसाइटॉल नावाची साखर आतड्यात पाणी ओढते. ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाने 2024 मध्ये हे फळ पुन्हा तपासलं. त्यांच्या मते साधारण 60 ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे, बहुतेकांना सोसतं. मी खाल्लं वाटीभर!

मग लक्षात आलं, आपल्या ठेच्याचंही तेच. मी इतकी वर्षं फक्त मिरचीला बोल लावत होते. आता लसूण तेलात तळून पाकळ्या काढून टाकते. फ्रुक्टान तेलात उतरत नाही, वास मात्र उतरतो. हे तेल त्याच दिवशी संपवायचं, साठवायचं नाही. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग घालते, मिरचीही बेतानं. गव्हातही फ्रुक्टान असतं, म्हणून मला पोळीपेक्षा ज्वारीची भाकर मानवते.

पण सगळंच कायमचं सोडू नका. डॉक्टरांना विचारून काही आठवडे बंद करा, मग एकेक पदार्थ थोडा-थोडा खाऊन बघा. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल, रात्री झोपेतून उठावं लागत असेल, किंवा त्रास पन्नाशीनंतर सुरू झाला असेल, तर 'आयबीएसच असेल' म्हणून घरी बसू नका. लगेच तपासून घ्या.

परवा हे सगळं जाऊबाईंना सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, मलाही असंच होतं." वीस वर्षं एका घरात राहून आम्ही दोघी एकमेकींपासून काय लपवत होतो, तर पोटाचं दुखणं!