दशावतार, डार्विन आणि दहावीचा वर्ग
(लेखमाला : शाळा, विज्ञान आणि श्रद्धा – लेखांक पाचवा)

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेसारख्या वस्तीत राज्य मंडळाच्या आणि केंद्रीय मंडळाच्या शाळांत जाणारी मुले शेजारीशेजारी राहतात, परंतु सजीवसृष्टीची आजची विविधता कशी निर्माण झाली या प्रश्नाचे उत्तर त्यांना एकाच वयात मिळेल असे आता म्हणता येत नाही. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचा पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा असून त्यात जीवाश्मांचे पुरावे, माणसातील माकडहाडासारखी निरुपयोगी होत गेलेली अवशेषांगे आणि डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत यांचा परिचय आहे. याउलट केंद्रीय मंडळाच्या शाळांची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने कोविडकाळात अभ्यासाचा भार हलका करण्याचे कारण देऊन दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला आणि पाठाच्या शीर्षकात केवळ आनुवंशिकता उरली. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय कायम आहे हे खरे, पण दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेकडे वळणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग? एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुले पत्र काढून या वगळण्याला आक्षेप घेतला, तो याच कारणाने.

वर्धा जिल्ह्यातल्या मुलाला नैसर्गिक निवड समजावण्यासाठी गॅलापागोस बेटांवरील पक्ष्यांपर्यंत जाण्याची गरज नाही, कारण घरच्या कपाशीत तीच प्रक्रिया चालू आहे. बीटी कापसात मातीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले असते आणि त्यामुळे झाडात तयार होणाऱ्या प्रथिनाने बोंडअळी मरते. या वाणाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. गुलाबी बोंडअळीच्या प्रचंड संख्येत ज्या मोजक्या अळ्यांमध्ये या विषाला दाद न देणारा आनुवंशिक बदल असतो त्या वाचतात, बाकीच्या मरतात, आणि वाचलेल्यांचीच संतती वाढत जाऊन काही पिढ्यांनी किडीचे स्वरूपच पालटते. अशी प्रतिकारक्षम अळी २०१० मध्ये गुजरातेत नोंदली गेली, पुढे दोन जनुकांचे बियाणेही तिच्यापुढे निष्प्रभ ठरले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील बोंडे तिने पोखरली. कोणत्याही अळीने विष पचवायचे ठरवले नव्हते. बदल आधी घडतो आणि परिस्थिती त्याची निवड नंतर करते, हा डार्विनच्या विचाराचा गाभा आहे. बियाण्याच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी सरकी देऊन ती बांधाकडेने लावायला पूर्वी सांगत असत, कारण तिच्यावर जगलेल्या साध्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्तीचा प्रसार मंदावतो. ज्याला उत्क्रांती मान्य नाही, त्यालाही ती सरकी लावावी लागे.

उत्क्रांतीला उघड विरोध महाराष्ट्राच्या भूमीवर झालेला नाही असे नाही. तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले नाही असा युक्तिवाद करून, डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे आणि अभ्यासक्रम बदलायला हवा असल्याचे विधान केले. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. परंतु अमेरिकेत १९२५ च्या टेनेसीतील, उत्क्रांती शिकवल्याबद्दलच्या खटल्यापासून दिसणारा, धर्मग्रंथाच्या नावाने शिक्षकाला न्यायालयात खेचणारा विरोध येथे रूढ झाला नाही. येथील धोका निराळा आहे, आणि तो विरोधाचा नसून अतिउत्साही स्वागताचा आहे.

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम म्हणजेच जलचरापासून मानवापर्यंतची उत्क्रांती, हे समीकरण अनेकांच्या तोंडी असते. ते पुरातन नाही. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी १८८२ साली ते मांडले होते, म्हणजे डार्विनचा ग्रंथ येऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. अवतारकल्पनेत एकच ईश्वर विशिष्ट प्रयोजनाने वेगवेगळी रूपे घेतो. मत्स्य हा कूर्माचा पूर्वज नव्हे. उत्क्रांतीत वंशसंबंध असतो, प्रयोजन नसते, आणि माणूस हे तिचे शिखर नसून अनेक फांद्यांपैकी एक फांदी असते. या जोडणीने विज्ञान तर बिघडतेच, शिवाय श्रद्धेलाही पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीकडे डोळे लावून बसावे लागते.

विदर्भात आणखी एक अडचण उभी राहते आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रचलित दशावतारात नववा अवतार बुद्ध मानला जातो, तर वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवरील नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारताना अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा, बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे मत स्पष्ट शब्दांत नाकारते. या प्रतिज्ञा मानणाऱ्या घरातील मूल वर्गात बसलेले असताना शिक्षकाने फळ्यावर अवतारांची यादी लिहिली, तर विषय सोपा करण्याच्या नादात तो एका वादग्रस्त धार्मिक मताचा प्रवक्ता होतो.

वर्गात धर्माला किती स्थान असावे या प्रश्नाचा विचार वर्ध्यात पूर्वीच, निराळ्या संदर्भात, झाला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथील नवभारत विद्यालयात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना पुढे आली आणि तिचा आराखडा डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तयार केला. त्या योजनेत धर्मशिक्षण का नाही, या प्रश्नाला गांधीजींनी १९३८ साली दिलेले उत्तर असे होते की, धर्म आज ज्या प्रकारे शिकवले व आचरले जातात त्यातून ऐक्याऐवजी कलहच वाढतो; सर्व धर्मांतील समान सत्ये मात्र शिक्षकाच्या आचरणातून मुलांपर्यंत पोचावीत. रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाने हा निर्णय घेतला होता. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने पुढे संपूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली.

तेव्हा ‘सर, मग देवाने माणूस घडवला हे खोटे का?’ असे विद्यार्थ्याने विचारल्यास शिक्षकाने होकार किंवा नकार देण्याचे कारण नाही. जीवाश्म आणि जनुके कशाची साक्ष देतात एवढे त्याने सांगावे, परीक्षेत तेच विचारले जाईल हेही सांगावे, आणि उरलेला प्रश्न विद्यार्थ्याने घरी, विहारात, देवळात किंवा मशिदीत न्यावा. तिथे त्याला कोणते उत्तर मिळते, हा दहावीच्या गुणपत्रिकेचा विषय नाही.