हरल्यानंतरची इनिंग

रिझल्ट बघून ‘संपलं सगळं’ असं वाटतंय? मग जिमी कार्टर यांची गोष्ट ऐकाच. जॉर्जियातल्या प्लेन्स गावचे हे भुईमूग पिकवणारे शेतकरी १९७७मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले आणि १९८०ची निवडणूक रीगन यांच्याकडून दणकून हरले. वय ५६. करिअर खल्लास? छे! १९८२मध्ये त्यांनी पत्नी रोझलिन यांच्यासोबत ‘कार्टर सेंटर’ सुरू केलं. नारू रोगावर ना लस, ना औषध. मग पाणी गाळून प्यायचं, हेच गावोगावी शिकवलं. १९८६मध्ये जगात सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३मध्ये उरले अवघे १४! २००२मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. २००६मध्ये तर ८२ वर्षांचे हे आजोबा आपल्या लोणावळ्याजवळ गरिबांसाठी घरं बांधायला आले होते. व्हाइट हाउसमध्ये चारच वर्षं. आता तुम्हीच सांगा, त्यांची खरी इनिंग कुठली?