मार्केट स्ट्रीट: भूकंपाआधी आणि नंतर

सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६च्या भूकंपाची फिल्म बघायचीय? मग आधी त्याच्या काही दिवस अगोदरची बघा. फिल्म बनवणाऱ्या माइल्स बंधूंनी केबल कारच्या पुढे कॅमेरा लावून मार्केट स्ट्रीटवरून फेरी बिल्डिंगपर्यंतचा प्रवास टिपला. घोडागाड्या, सायकली, मध्येच पळणारी पोरं... आणि त्याच त्या मोटारी वळून पुन्हा कॅमेऱ्यासमोर! (रस्ता भरलेला दिसावा म्हणून असणार.)

१८ एप्रिलला पहाटे ५:१२ला जमीन हादरली. खरा विध्वंस नंतरच्या आगीने केला. माइल्स बंधूंचा स्टुडिओही जळाला. पहिल्या फिल्मची निगेटिव्ह मात्र आधीच न्यूयॉर्कला रवाना झालेली, म्हणून वाचली.

पुढे त्यांनी भग्न मार्केट स्ट्रीटवरूनही कॅमेरा फिरवला. ती सुमारे ९ मिनिटांची फिल्म गेल्या दशकात चक्क जुन्या बाजारात सापडली! दोन्ही यूट्यूबवर आहेत, लागोपाठच बघा.