बँडसॉचे पाते किती ताणावे?

प्लग काढा, गाईड मागे सारा आणि मगच पाते चाकांवर चढवा. दात समोर आणि खाली, टेबलाकडे. ते वर बघत असतील तर पाते आतून बाहेर उलटवून घ्यावे. गुंडाळी सोडताना हे हमखास होते.

आधी थोडाच ताण द्या. वरचे चाक हाताने फिरवत त्याचा कल बदला, पाते रबरी पट्ट्याच्या मधोमध धावू लागेपर्यंत. मग पूर्ण ताण. मशीनवरची ताणाची खूणपट्टी केवळ अंदाजाला. स्प्रिंग जुनी झाली की ती खोटे बोलते. त्यापेक्षा बोट बरे. वरचा गाईड टेबलापासून 6 इंचांवर ठेवून पाते बाजूने बेताने दाबा. साधारण 2 सूत, म्हणजे पाव इंच, हलले तर ठीक. ढिल्या पात्याने जाड ओंडका चिरला की काप मधेच पोट काढतो आणि बोल मात्र लाकडाला लागतो.

बाजूचे गाईड सर्वांत शेवटी, दातांच्या खाचांमागे, कागद जेमतेम सरकेल एवढ्या फटीने. मागचे बेअरिंग रिकाम्या पात्याला टेकता कामा नये; लाकूड रेटल्यावरच ते फिरावे. काम संपले की ताण सैल करा, नाहीतर रबर एका जागी दबते.

इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांना बँडसॉचे पेटंट 1808 मध्येच मिळाले होते. पण पात्याचा जोड टिकेना. तो टिकवण्याची पद्धत आन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच महिलेने 1846 मध्ये शोधली.