हरवलेल्या पिंगळ्याचा माग

मेळघाटात सेमाडोहकडे जाताना सागाच्या निष्पर्ण फांदीवर भर उन्हात एखादे लहानसे घुबड बसलेले दिसले, तर जरा थांबावे. आपल्या गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. हा रानपिंगळा. दिवसाढवळ्या शिकार करणारा हा पक्षी १८८४ नंतर ११३ वर्षे जणू गडप झाला होता.

तो शोधायला निघायचे म्हणजे अपयशाची पुरेपूर तयारी ठेवूनच निघायचे. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांना तो सापडला नव्हता. जिथे ते हरले तिथे आपण जायचे, पैसा आणि वेळ घालवायचा आणि हात हलवत परतायचे! लोक काय म्हणतील? आपल्याकडची कितीतरी मुले याच एका प्रश्नापायी परीक्षेचा अर्जसुद्धा भरत नाहीत.

अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी आधी एक कंटाळवाणे काम केले. संग्रहालयांत या पक्ष्याचे मोजून सात नमुने होते. ते त्यांनी बारकाईने तपासले. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचे सांगितलेला नमुना मुळी त्याचा नव्हताच. जेम्स डेव्हिडसनने खानदेशात १८८०च्या दशकात टिपलेला पक्षी चोरून त्याने त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. आधीची शोधाशोध या खोट्या पत्त्याने भरकटली होती. म्हणजे दिग्गजांचे अपयश हा पक्षी नसल्याचा पुरावा नव्हता. भीतीचे असेच असते. तिच्या मुळाशी जाऊन पाहिले, तर निम्मी ऐकीव निघते.

उरलेली निम्मी मात्र खरी असते. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट पूर्वेकडच्या दोन जुन्या ठिकाणी गेले. फुलझर आणि खरियार. दोन्हीकडे काही नाही. पदरी नकार आणि मुक्कामाचे दिवस संपत आलेले. इथून परतले असते, तरी कुणी नाव ठेवले नसते. पण जुन्या नोंदींपैकी शहाद्याचा परिसर उरला होता. तो सोडून परतायचे, तर एवढे संशोधन कशाला केले? २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात बेन किंग यांना झाडावर एक पिंगळा दिसला. डोके बिनठिपक्यांचे. पक्षी उडून जाण्याआधी चित्रण करायची त्यांची धांदल उडाली, हे वेगळे सांगायला नको.

एकदा तो आहे हे कळल्यावर इतरांचीही हिंमत वाढली. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत सातपुड्यातली जंगले धुंडाळली, तेव्हा तळोदा, तोरणमाळबरोबर मेळघाटातल्या चौराकुंडलाही रानपिंगळा भेटला. इथल्या जंगलातून तो कधी गेलाच नव्हता.